आत्याचा जबडा

आमच्या शेजारच्या कुंताबाईचा खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगला बोटभर पुढे. हसली की आधी खालचे दात दिसायचे, मग ती. कुरखेड्याच्या बाजारात मासे विकायला बसली की गिऱ्हाईक एक वेळ नाव विसरे, पण हनुवटी नाही. कोणी चिडवलंच तर म्हणायची, पाऊस आला की पहिला थेंब माझ्या तोंडात, तुम्ही बसा वाट पाहत. अशा बाईला काय चिडवणार!

तिला मूलबाळ नव्हतं. जीव सगळा भावाच्या, धनराजच्या लेकीवर, दामिनीवर. बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, माशांना बारीक काटे फार. कुंताबाई घास आधी आपल्या तोंडात घ्यायची, दातांनी काटे काढायची आणि मग पोरीला भरवायची. घशात काटा अडकणं म्हणजे काय, हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली शाळेत दातांचं शिबिर झालं. सात वर्षांच्या दामिनीचे खालचे दात वरच्या दातांपुढे आलेले पाहून डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाचं असं आहे? सगळ्यांच्या माना कुंताबाईकडे वळल्या. न विचारता बोलायची जिला जन्माची खोड, ती गिरजाबाई म्हणाली, "हिनंच उष्टं चारू चारू पोरीले आपला जबडा लावला."

डॉक्टर हसले. उष्ट्यानं जबडा येत नाही, रक्तातून येतो, असं त्यांनी सांगितलं. जिभेनं खालचे दात पुढे ढकलणं, तोंडानं श्वास घेणं असल्या सवयी त्यात भर घालतात. कधी तो एखाद्यात लपून राहतो आणि त्याच्या लेकरात उगवतो. बिचाऱ्यांनी नीट समजावलं, पण धनराजचा जबडा होता सरळ. आणि त्याचा बाप इस्तारी हयात होता तोवर छातीपर्यंत दाढी बाळगून होता, तिच्याखाली काय होतं ते कोणी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे गावाला गिरजाबाईचंच पटलं. कुंताबाईला तर सगळ्यांच्या आधी. मला त्या गिरजाबाईचा असा राग आला की कितीतरी दिवस मी तिच्याकडे विरजण मागायला गेले नाही.

दामिनीच्या दातांना गडचिरोलीत पट्टी बसली. त्याच साली धनराजला मुलगा झाला. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. कुंताबाईनं पदराची घडी तोंडावर दाबली आणि हातभर लांबूनच 'अमर' म्हणाली. बायांनी रिवाजाप्रमाणे पाठीत बुक्के घातले, तरी ती पाळण्यात वाकली नाही.

पुढेही तेच. मासे उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. पोरगं चालायला लागल्यावर आत्यामागे धावे, तर ही दार लोटून घेई. भावजय भाग्यश्रीनं किती समजावलं. "एक पोरगी बिघडवली," कुंताबाई म्हणायची, "आता याले नाई बिघडवत." दाराआड ती रडायची, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. माझ्यानं ऐकवत नसे.

अमरचे दुधाचे दात सगळे आले तेव्हाची गोष्ट. अंगणात पेरू खाता खाता तो खदखदून हसला आणि भाग्यश्री त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. तशीच त्याला कडेवर घेऊन ती नणंदेच्या दारात गेली. मीही मागोमाग गेले, मला कुठला धीर!

"बाई, पाहा तुमचा भाचा."

कुंताबाईनं पदर तोंडावर ओढून लांबूनच पाहिलं. खालचे दात पुढे, वरचे मागे. अगदी तिचंच तोंड.

"याले तं मी हात बी नाई लावला वं," ती म्हणाली. "मंग आला कुठून?"

"मामाजीच्या दाढीखालून," भाग्यश्री म्हणाली.

कुंताबाई हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना धार लागली. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. पोरगं पेरूसकट तिच्या अंगावर पडलं. तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला, ओठ त्याच्या कानाला लावले आणि बारशाला लांबून सांगितलेलं नाव पुन्हा सांगितलं.