मोबाईलनं घालवलेली अब्रू

पूर्वी माणसाची फजिती व्हायची ती क्वचित, एखाद्या लग्नात नाहीतर पंगतीत. मोबाईल हातात आल्यापासून रोज सकाळी नवी, ताजी फजिती! परतूर स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे. फिरून आलो की आम्ही चौघं तिथं टेकतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले अनंतराव, शाळेच्या माजी हेडबाई सुमनताई, गावाबाहेर कापूस पिकवणारा माझा बालमित्र बाजीराव आणि मी. मी पोस्टमास्तर होतो. उभा जन्म लोकांचे निरोप बिनचूक पोचवले, आणि आता स्वतःचा एक निरोप धड जात नाही!

घरी हे सांगायची सोय नाही. पोरं हसतात, नाहीतर चिडतात. म्हणून बाकावर येऊन मान खाली घालून एक जण सांगतो, मंग दुसऱ्याला धीर येतो. असे हे किस्से साठत गेले.

*

पहिला मान बाजीरावचा. त्याची बोटं कष्टाची, जाडजूड. मोबाईलवर एक अक्षर दाबलं की शेजारची दोन उठतात. शेवटी पुण्याहून आलेल्या सुनेनं युक्ती सांगितली, "मामा, हे माईकचं चित्र दाबा अन् नुसतं बोला. तो आपोआप लिहितो."

मंग काय! बाजीराव दिवसभर मोबाईलशी बोलू लागला.

त्यात गावातले अण्णा वारले. मोठा माणूस. गावाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. बाजीरावनं ओट्यावर बसून, डोळे मिटून, जड आवाजात श्रद्धांजली सांगायला घेतली. तेवढ्यात कुत्रं आलं.

मेसेज गेला तो असा: "अण्णा म्हणजे देवमाणूस. आपल्यातून निघून गेले. हाड. हाड. निघ म्हणलं ना. परत दारात दिसला तर तंगडं मोडीन. ओम शांती."

बाजीरावला पत्ताच नाही. संध्याकाळी भेटायला गेला. अण्णांच्या सुतकात बसलेल्या मुलानं त्याला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, आमच्या अण्णांनी तुमचं असं काय वाकडं केल्तं?"

*

सुमनताईंचा दरारा असा, की पन्नाशीतली माणसंसुद्धा त्यांच्यापुढं अजून हात मागं बांधून उभी राहतात. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपच्या त्या ॲडमिन.

एकदा त्यांच्या टाचेला मोठा फोड आला. जालन्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "फोटो काढून पाठवा, बघतो." ताईंनी अगदी जवळून फोटो काढला. कुठं काय दाबलं गेलं देव जाणे, तो डॉक्टरांकडं गेलाच नाही. तो बसला थेट ग्रुपच्या डीपीला! गोल चौकटीत लालभडक टाच!

कुणी चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी त्या टाचेखाली "सुप्रभात बाई", "वंदन बाई" चालूच.

बऱ्याच दिवसांनी बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. आता मोठा वकील आहे. भर रस्त्यात वाकून पाया पडला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "बाई, बरी दिसती की आता टाच!"

"तुला रे कसं कळलं?"

"बाई, सगळ्या बॅचला माहीत हाय!"

"अरे मंग सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही लावलाय म्हणजे त्यात काहीतरी बोध असंल, असं वाटलं!"

आम्ही पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पोरं मला भिऊन गप्प राह्यली असती तर चाललं असतं हो. त्यांना माझी दया आली."

*

अनंतराव आमच्यात सगळ्यात टापटीप. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बाकाला टेकूनसुद्धा बसत नाहीत. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे पुण्याचे. त्यांनी कळवलं, आधी व्हिडिओ कॉलवर ओळख करून घेऊ. घरात अनंतराव वडीलधारे, म्हणजे पहिलं बोलणार तेच.

पांढरा शर्ट, कपाळाला गंध. फोन वाजला. अनंतरावांनी हिरवं बटण दाबलं आणि जन्माची सवय, फोन सरळ कानाला लावला!

मंग सुरू केला घराण्याचा इतिहास. पणजोबा मूळचे कुठले, निजामाच्या राज्यात आजोबांना मान कसा होता, सगळं साग्रसंगीत. समोर सोफ्यावर तिकडचं सगळं खानदान बसून ऐकत होतं आणि त्यांच्या टीव्हीवर भिंतीएवढा एकच कान! त्यात केसांचं रान माजलेलं!

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी हातवारे करून राह्यल्या. अनंतरावांना वाटलं, आवरतं घ्या म्हणत्यात. त्यांनी हातानंच "थांब" म्हणून सांगितलं.

शेवटी पलीकडून मुलीची आजी बोलली, "कान बघितला हो, चांगला आहे. आता मुलगा दाखवा!"

लग्न जमलं. पण त्या घरात ते आजही 'कानवाले काका'. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अनंतराव न्हाव्याकडं गेल्ते. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही. कशाला गेल्ते, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

*

आता माझं.

पेन्शनरला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. हयातीचा दाखला. पूर्वी सही केली की झालं. आता मोबाईलपुढं चेहरा धरायचा. आमच्या मुलाला सवड मिळेना, म्हणून मी बाजारातल्या ऑनलाईनच्या दुकानात गेलो. माझ्यामागं ही रांग.

तिथल्या मुलीनं मोबाईल माझ्यासमोर धरला. मोबाईल म्हणाला, चेहरा जुळत नाही. मी चष्मा काढला. जुळत नाही. मफलर काढला. जुळत नाही.

"अहो, मीच हाय!" मी मोबाईललाच सांगितलं. मागं कुणीतरी खिदळलं. माझी कानशिलं तापली.

मुलगी म्हणाली, "काका, डोळा मिचकवा."

मला जरा विचित्र वाटलं. पण सरकारी काम, म्हणतील तसं करायचं! मी त्या मुलीकडं बघितलं आणि एक डोळा बारीक केला.

रांगेतल्या सगळ्या माना एकदम पुढं!

"काका! माझ्याकडं न्हाई, मोबाईलकडं बघून! अन् दोन्ही डोळे!"

दाखला मिळाला. पण रांगेत आमच्याच गल्लीतल्या काकू उभ्या होत्या, आणि मला मोबाईल वापरता येत नसला तरी त्यांना येतो. मी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली. बायकोनं दार उघडलं ते असं म्हणतच, "जिवंत असल्याचं लई जोरात दाखवून आलात म्हणे!"

*

बाजीरावची दोन्ही पोरं पुण्याला. घरचा ग्रुप आहे, 'आपलं घर'. बाजीराव रोज त्यावर फोटो टाकायचा. कापसाला बोंडं धरली, फोटो. म्हैस व्याली, फोटो. राजूरच्या गणपतीला जाऊन आला, फोटो. कधी अंगठा यायचा, कधी तोही नाही. "कामात असत्यात पोरं," असं तोच आम्हाला समजावून सांगायचा.

दिवाळीला सगळे आल्ते. नात मोबाईलवर फोटो दाखवत बाजीरावच्या मांडीवर बसली. ट्रिपचे, वाढदिवसाचे, नव्या गाडीचे. बाजीरावनं एकही बघितलेला नव्हता.

"हे कुठं आलं गं? माझ्याकडं तर न्हाई."

"आबा, हे 'आपलं घर टू'वर आहेत ना. त्यात तुम्ही नाहीत."

थोरल्यानं घाईनं समजावलं. बाबा, तुमचे फोटो फार येतात, कामाचं बोलणं राहून जातं, बाकी काही नाही.

बाजीरावनं हे सगळं बाकावर हसत हसत सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "पोरांनी दुसरं घर बांधलं, अन् आपल्याला वास्तुशांतीचं आवतनच न्हाई!"

त्या दिवशी पहिल्यांदा बाजीरावच्या विनोदावर कुणी हसलं नाही. अनंतरावांनी सगळ्यांचा चहा सांगितला.

*

माझा धाकटा भाऊ श्रीहरी राजूरला असतो. देवळाजवळ त्याचं नारळ-हारांचं दुकान आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून आमची कटकट झाली आणि बोलणं तुटलं. वर्षं गेली. ना फोन, ना येणं-जाणं.

पण त्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एके दिवशी मुलानं मला स्टेटस बघायला शिकवलं, तर त्यात श्रीहरी! दुकानाचा फोटो. झेंडूचा ढीग. त्याची सायकल. एकदा नुसतेच त्याचे पाय, चुकून काढलेले. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन, बायकोकडं पाठ करून बघायचो. वाटायचं, आपल्याला कोण बघतंय!

एकदा बाकावर अनंतराव सहज म्हणाले, "स्टेटस आपण बघितलं की समोरच्याला आपलं नाव दिसतं बरं का. कुणी बघितलं, किती वाजता, सगळं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. रोज सकाळी कुणाच्या तरी खिडकीतून डोकवावं आणि आतल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असावं! श्रीहरी काय म्हणाला असंल? बायकोला दाखवून हसला असंल. 'बोलत न्हाई म्हणतो, अन् चोरून बघतो.' शरमेनं मी बाकावरून उठलोच.

त्या दिवसापासून स्टेटस बघणं बंद. हिरवा गोल दिसायचा, मी बोट आवरायचो. सकाळचा चहा नुसताच प्यायचो.

परवा भाजी निवडत बसलो होतो. मोबाईल वाजला. श्रीहरीचा मेसेज. एवढ्या वर्षांतला पहिला. चष्मा सापडेना, म्हणून बायकोला वाचायला दिला. तिनं आधी मनात वाचला, मंग मोठ्यानं वाचला.

"दादा, तब्येत बराबर हाय ना? लई दिस झाले, स्टेटस बघून न्हाई राह्यला."