बिनबोलावण्याचा पायलट

वीरधवलला एका जागी म्हणून बसवत नव्हतं. जेवताना पाय हलायचा, मोबाइल पालथा ठेवला की लगेच सुलटा व्हायचा. आई, मंगल, वैतागून म्हणायची, "अंगात भिंगरी हाय का रं तुज्या?" पोरगं अंगणात चकरा मारायला निघून जायचं.

पलूसचं हे पोरगं शिकून पायलट झालेलं. परवाना खरा, पण विमान उडवल्याचे तास जेमतेम दोनशे. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, आधी तास घेऊन या. तास कशानं वाढतात? उडवल्यानं. आणि उडवायला देतंय कोण? पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, असा सगळा कारभार! तोवर हा लोकांच्या उसावर ड्रोननं औषध मारत फिरत होता. गाव कौतुकानं 'कॅप्टन' म्हणायचं आणि ती हाक ऐकली की याचं डोकं सणकायचं.

वाट एकच दिसत होती. आफ्रिकेत बोत्सवाना देशात मौन नावाचं गाव आहे. तिथून छोटी विमानं जंगलातल्या मातीच्या धावपट्ट्यांवर पर्यटक आणि भाजीपाला घेऊन जातात. उतरण्याआधी एक घिरटी घालून पट्टीवरची जनावरं हाकलायची, असलं काम. कमी तासांच्या पोरांना ते मिळू शकतं. पण वीरधवलबरोबर शिकलेली आणि तिथं कामाला लागलेली तरन्नुम फोनवर स्पष्ट म्हणाली होती, "मेल इथं कुणी वाचत नाही. स्वतः यायचं आणि रोज कंपनीच्या दारात बसायचं. सीझनच्या आधी, मार्चमध्ये घेतात. मार्च चुकला की वर्ष गेलं."

फेब्रुवारी निम्मा सरला होता आणि घोडं वडिलांपाशी अडलं होतं. नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. "बोलावणं आल्याबिगर आपल्या घरातलं कुणी कुणाच्या दारात गेलं न्हाई. पत्र येऊ दे, मग जा." पत्र काही येत नव्हतं. वीरधवल ताट सारून उठायचा, दार आपटायचा, पण वडिलांपुढं ब्र काढायची छाती नव्हती.

एका सकाळी नाथाजी "मिरजेला गुडघा दाखवून येतो" म्हणून मोटारसायकलवरून गेले. उसाच्या हंगामात त्यांचा गुडघा फारच दाखवावा लागायचा. वीरधवल ड्रोन घेऊन ओढ्यापलीकडच्या मळ्यात निघाला. तिथं ऊसतोड टोळीच्या खोपी होत्या. कुणाचा ऊस आधी तोडायचा हे टोळीच्या मुकादमाच्या हातात. उसाला तुरा येऊन वजन घटायला लागलं की भल्याभल्यांना त्याचे पाय धरावे लागतात.

मुकादम बाजेवर लोळत मोबाइल बघत होता. त्याच्यासमोर, पालथ्या बादलीवर, सुभेदार नाथाजी बसले होते. मुकादम काहीही बोलला की हसत होते. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसत होते. हातांना उसाच्या पाल्याचा कचरा चिकटलेला, म्हणजे मुकादमाच्या बैलांना वैरण घालून झाली होती.

वीरधवलला आधी संताप आला. घरात एवढा ताठा आणि इथं हे! मग मात्र आबांना दिसू नये म्हणून तो खोपीआड व्हायला लागला. तेवढ्यात नाथाजींनी मान वळवली आणि बापलेकाची नजरानजर झाली.

वीरधवलला मागं बसवून घराकडं येताना ओढ्यापाशी नाथाजींनी गाडी थांबवली.

"गुडघा बरा हाय माजा," ते म्हणाले. "वर्सं झाली, असाच बसतुय. घरात सांगू वाटलं न्हाई."

"आबा, मग मला का आडवताय? मलाबी तसंच बसायचं हाय."

नाथाजी हाताचा कचरा काढायला लागले.

"बसायचं तर नीट बसावं लागतं. रोज जायचं. आपलं रडगाणं गायाचं न्हाई, त्यांचं काय काम पडलंय ते बघून उचलायचं. कुणी हसलं तर आपुनबी हसायचं. जमंल?"

"जमंल."

"मला अजून जमत न्हाई," नाथाजी म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली.

मार्च लागायच्या आत वीरधवल निघाला. पलूसच्या स्टँडवर आई डोळे पुसत उभी होती. भावकीतला दादासो तिथंच चहा पीत होता. असल्या माणसाला बरोबर चार लोकांतच कंठ फुटतो.

"काय सुभेदार, आलं म्हणायचं बोलावणं कॅप्टनला?"

वीरधवलनं मान खाली घातली. आता आबा काहीतरी थाप मारून वेळ निभावतील असं त्याला वाटलं. मारली असती तरी बरंच वाटलं असतं.

"न्हाई आलं," नाथाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दारात बसायला चाललाय. मी मुकादमाच्या बसतो, तसाच."