मूसासरांनी नापास केलेला प्रोग्राम

मूसासर गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा भाभींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या फोनवरून. नांदेडहून मिळेल त्या गाडीनं लातूर गाठलं, मूठभर माती दिली आणि परत आलो. इतक्या वर्षांची दोस्ती, पण शेवटचे तीन महिने आमचा अबोला होता, तो तसाच राहिला... दुसऱ्यांदा कळली ती चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास, एका पत्रकावरून. ज्या क्लासमध्ये सरांनी सगळी हयात गणित शिकवलं, त्याच्या मालकानं ते छापलंय. वर सरांचा फोटो, नावामागं ‘कैलासवासी’. मूसासरांच्या नावामागं कैलासवासी! तेही एक वेळ गिळलं असतं मी. पण खाली म्हटलंय, ‘सरांनी स्वतः तपासून दिलेली, रुपया-डॉलरची आपोआप खरेदी-विक्री करणारी संगणक प्रणाली. पालकांना खास सवलत.’ धादांत खोटं आहे हे. तो प्रोग्राम मी लिहिलाय, आणि सरांनी तो नापास केला होता.

त्र्याण्णवच्या भूकंपात सरांची आई गेली. दगडमातीचं घर, बहिणीच्या लग्नासाठी नुकताच चुना मारलेला. “भिंत दिसायला लई झकास होती, जोशीसर,” एवढंच ते मला सांगायचे. तेव्हापासून हा माणूस कुठंही बसायच्या आधी खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा. लग्नात, बँकेत, आमच्या घरी नव्या सोफ्यासमोरसुद्धा. माझी बायको हसायची, मला लाज वाटायची. पुढं लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघाले, पोरं जुने पेपर घोकू लागली. सर मात्र दरवर्षी एक पेपर कपाटात कुलूप लावून ठेवायचे. “जो पेपर पोरानं पाह्यलाच न्हाई, त्याच्यातच त्याची अक्कल कळती,” म्हणायचे.

मी नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. चलनाच्या भावांचा नाद लागला आणि हा प्रोग्राम लिहिला. कधी घ्यायचं, कधी विकायचं, ते यंत्रच ठरवणार. खऱ्या बाजारात सोडायच्या आधी कॉम्प्युटरवर लुटुपुटूचा बाजार मांडतात. जुन्या वर्षांचे भाव प्रोग्रामला मिनिटामिनिटानं दाखवायचे, जणू आजच चाललेत, आणि तो काय करतो ते बघायचं. माझा पठ्ठ्या त्यात पहिल्या नंबरानं पास! नाचतच लातूरला गेलो. सरांनी विचारलं, “किती वेळा दुरुस्त केला ह्याला?” म्हटलं, शंभरेक वेळा. “ह्याच भावांवर?” हो. “मग पाठांतर केलंय ह्यानं.” उठून त्यांनी कपाटातून एक सीडी काढली. मला भाव त्यांनीच जमवून दिले होते, त्यातले दोन वर्षांचे लपवून ठेवले होते! वर त्या लुटुपुटूच्या बाजारात मध्येच लाईट घालवायलाही लावली. मी चिडलो, तर म्हणाले, “लातुरात लाईट गेलीच न्हाई असं एक वरीस दाखवा मला.” प्रोग्राम पार आडवा झाला. क्लासच्या छापील निकालपत्रावर लाल शाईनं त्यांनी लिहिलं: नापास. पुन्हा बसवा.

मी म्हणालो, “तुम्हाला सगळीकडं पडकी भिंतच दिसते.” ज्याची आई भिंतीखाली गेली, त्या माणसाला हे बोललो मी. त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं... आणि मी गाढव तिथून उठून तडक क्लासच्या मालकाकडं गेलो. त्यानं पाठ थोपटली, मी भुललो, प्रोग्राम देऊन टाकला.

परवा पत्रक घेऊन त्याच्यापुढं उभा राहिलो. “हे काय करून राहिलात तुम्ही?” तर म्हणतो, “अहो, सर आता आहेत का विचारायला? लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे.” निलाजरा! त्याच विश्वासावर तर डल्ला मारतोय हा. सरांनी ज्यांची पोरं शिकवली, ते आईबाप आयुष्यभराची पुंजी घेऊन याच्या दारात उभे राहायला लागलेत. सर नाहीत, पण मी आहे ना विचारायला! म्हणून इथं छापून सांगतो: मूसासरांनी हा प्रोग्राम नापास केलाय. ज्यानं लिहिला तोच सांगतोय. एक रुपया घालू नका. निकालपत्र माझ्याजवळ आहे, ज्याला बघायचंय त्यानं यावं.

ते निकालपत्र आणायला भाभींकडं गेलो होतो. सरांची खोली तशीच आहे; टेबलावर लाल पेन, कोपऱ्यात ते कपाट. निकालपत्र सापडलं. त्याला टाचून आणखी एक सीडी होती, पाकिटावर सरांचं अक्षर: ‘जोशीसर. नवे भाव, फेरपरीक्षेसाठी.’ तीन महिने हा माणूस माझी वाट बघत होता आणि मी नांदेडात तोंड फुगवून बसलो होतो. भाभींनी सरांची खुर्ची पुढं सरकवली. बसायला गेलो, आणि माझं मलाच कळायच्या आत खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवायला लागलो.

भाभी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “बसा बिनधास्त. ती त्यांनी तपासलेली हाय.”