डब्याची मागची बाजू

आमच्या काकू कुठल्याही वस्तूची पुढची बाजू बघायच्याच नाहीत. बिस्किटाचा पुडा असो, खोकल्याचं औषध असो, नाहीतर कोणी प्रेमाने आणलेला मिठाईचा डबा असो, हातात आला की पहिल्यांदा उलटा! मग चष्मा कपाळावर, डबा नाकापाशी, आणि मयूर विहारच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उन्हाकडे पाठ करून वाचन सुरू. "पुढची बाजू त्यांची, मागची आपली," असं म्हणायच्या. म्हणतानाचा आवाज असा थकलेला, की वाटावं हे वाक्य सकाळपासून चाळीस वेळा बोलून झालंय आणि अजून दुपारसुद्धा व्हायची आहे.

मी दोन वर्षं त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते. पुण्याहून नोएडाच्या ऑफिसात आले, कोणाच्या तरी ओळखीने ही खोली मिळाली. काकू जन्मापासून दिल्लीच्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकल्या, मग एका सरकारी दवाखान्यात तीस वर्षं फार्मासिस्ट. घरात बोलणं अगदी आपल्यासारखं, पण दूधवाला आला की त्याच दमात "भैया, कल वाला फट गया, देख लो आप." काका होते, पण ते टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे. "वाचता येतंय ना खाली, मग ऐकायचं कशाला," म्हणायचे. म्हणजे बघा, अख्खं घरच वाचणारं.

माझी आणि काकूंची खरी ओळख झाली ती माझ्या डब्यामुळे. झालं असं, की आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "किती सुटलीस गं!" आणि मी त्याच दिवशी ऑनलाइन हर्बल कॅप्सूल मागवल्या. हिरवा डबा, वर पान, पानावर दवाचा थेंब, "शंभर टक्के नैसर्गिक". मी इतकी खूश, की पार्सल फोडून थेट काकूंना दाखवायला गेले. काकूंनी डबा उलटा केला. "गार्सिनिया. ही आपल्या कोकमाची चुलत बहीण. बिचारी. गुग्गुळ. त्रिफळा. आणि ही बघ, सोनामुखी." मी म्हटलं, सोनामुखी किती गोड नाव आहे ना! "जुलाब आहे तो, पुणेकर. तू वजन नाही उतरवणार, नुसती पळणार. वजनकाट्याला काय, तो पाणी गेलं तरी खूश." डबा त्यांनी माझ्या हातात परत दिला, टाक म्हणाल्या नाहीत. मीही टाकला नाही. खोटं कशाला बोलू, चार दिवस घेतल्या. आणि पळाले!

त्यांनी मला लेबल वाचायला शिकवलं. यादीत जे पहिलं ते सगळ्यात जास्त, शेवटचं ते नावापुरतं. "अर्क" लिहिलं की विचारायचं, कशाचा, मुळाचा की पानाचा. "खास मिश्रण" लिहिलं आणि प्रमाण नाही दिलं, म्हणजे "विचारू नका" असं समजायचं. एकदा मी विचारलं, हे शेवटी क्यू.एस. काय असतं सगळीकडे? म्हणाल्या, "जेवढं लागेल तेवढं. माझी आई पोह्यांत मीठ असंच घालायची. पण ती पोहे डबीत भरून विकत नव्हती."

रविवारी सकाळी बेल वाजायला लागायची. वरच्या शर्मा आंटी, समोरच्या बंगाली बौदी, जिममधली कोणी मुलगी. प्रत्येकीच्या हातात काहीतरी हिरवं. "आंटी, ज़रा देख लो ना, ठीक है ना?" काकू वाचायच्या, सांगायच्या, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे तर हे नको, तुझ्या लिव्हरचं मागे झालं होतं ना, मग हे बिल्कुल नको. बायका मान डोलवायच्या आणि पुढच्या महिन्यात तीच गोष्ट दुसऱ्या कंपनीची घेऊन हजर. मला राग यायचा. मी म्हणायचे, काकू तुम्ही नका ना बघू, यार, ऐकत तर नाहीत! त्या दारामागे चपला सरळ लावत म्हणायच्या, "लोक विचारायला येत नाहीत गं. हो म्हणवून घ्यायला येतात." आणि पुन्हा बेल वाजली की, "आण. वाचते."

आता विजूमावशी. काकूंची शाळेपासूनची मैत्रीण, राहायला गाझियाबादला. एका बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणात डबे पोचवलेल्या. विजूमावशी लहानपणापासून जाड. शाळेत नावं ठेवली, सासरी नावं ठेवली, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बसलं की हिला कायम आत्याबाईचं काम. आणि एकदा त्या घरी आल्या तर मी ओळखलंच नाही! निम्म्या झाल्या होत्या. साडी नवी, गालफडं आत, डोळे चमकत होते. बॅगेतून पावडरीचा डबा काढला. त्या नुसती घेत नव्हत्या, विकतही होत्या, त्यांच्या खाली सात बायका जोडलेल्या होत्या. "सुमे, तू फक्त मंडळात सांग की वाचलंय, ठीक आहे. तुझा शब्द चालतो. बाकी मी बघते."

काकूंनी वाचलं. दोनदा वाचलं. मी खुर्चीच्या टोकावर. वाचून झाल्यावर डबा सरळ करून ठेवला आणि म्हणाल्या, "यात काही नाहीये, विजू."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"यात काही नाहीये म्हणून तर म्हणतेय. त्रिफळा, ग्रीन टी, मेथी. एवढ्याने कोणाची भूक मरत नाही. तुला भूक लागते?"

"अजिबात नाही! पोळीकडे बघवत नाही."

"झोप?"

"झोपून करायचंय काय आता," विजूमावशी हसल्या. पाण्याचा तिसरा ग्लास पीत होत्या, तोंड सारखं कोरडं पडत होतं.

"मग जे भूक मारतंय ते यावर लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. विजूमावशींनी डबा बॅगेत टाकला. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?" असं हसतच म्हणाल्या, पण चहा अर्धा ठेवून गेल्या. त्या दिवशी काकूंनी आलेल्या कोणाचंच काही वाचलं नाही. मला म्हणाल्या, "तीस वर्षं लिहिलेलं वाचलं. न लिहिलेलं कसं वाचायचं?"

मग संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. कोणी वाण म्हणून स्टीलची वाटी लुटली, कोणी रुमाल, कोणी कापडी पिशवी. आणि विजूमावशींनी काय लुटावं? पावडरीच्या पुड्या! पंधरा दिवसांची एक, वर चमकी लावलेली. आता वाण नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पदर पुढे केला की जे पडेल ते घ्यायचं. काकूंनीही घेतली. आणि विजूमावशींनी सगळ्यांसमोर हाक मारली, "सुमे, तू वाच ना जरा मोठ्याने. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास."

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. तिळगुळाचा चुरा चावल्याचा आवाज तेवढा. विजूमावशी काकूंकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात दटावणी नव्हती, अक्षरशः विनवणी होती. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या बायका त्यांना विचारत होत्या, कसं गं केलंस, कसं गं केलंस. काकूंनी पुडी उलटी केली, एकेक नाव वाचलं, आणि म्हणाल्या, "लिहिलंय ते सगळं खरं असेल, आणि तेवढंच असेल, तर यात वाईट काही नाही."

टाळ्या पडल्या. देवाशप्पथ, टाळ्या!

तिसऱ्या दिवशी मंडळातल्या एका नव्या सुनेचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. "काकू, तुम्ही चांगलं आहे म्हणालात म्हणून लगेच सुरू केलं! दोन रात्री झोप नाही, छातीत धडधड होते, पण काय मस्त, भूकच नाही!" काकूंनी तिला आधी ते बंद करायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं, मग फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. "मी चांगलं म्हणाले?"

"नाही काकू, तुम्ही 'असेल तर' म्हणालात. मी होते ना तिथे!"

"असेल तर कोण ऐकतं गं," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं कोणी ऐकत नाही. तरी तेवढंच बोलले. विजूचं तोंड बघितलं आणि तेवढंच बोलले."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. वाण परत मागितलं. दारोदार. फोन करून सांगता आलं असतं की, पण म्हणाल्या, "फोनवर पुन्हा अर्धंच ऐकतील. पुडी माझ्या हातात पाहिजे." आठवडाभर मी ऑफिसातून लवकर निघायचे आणि आम्ही दोघी मेट्रोने, ई-रिक्षाने, धुक्यातून. थंडी अशी की दार उघडणारीला आधी आमचे मफलरच दिसायचे. काकू दारातच सांगायच्या, "मी चुकीचं बोलले. ती पुडी द्या." कोणी हसत दिली, कोणी "दिलेलं वाण परत नेतात का, अपशकुन असतो" म्हणत दिली. एकीने तर विचारलं, "तुमचं आणि विजूताईंचं काही बिनसलंय का?" काकू म्हणाल्या, "अजून नाही. आता बिनसेल." जिने चढून चढून त्यांचे गुडघे सुजले. मी म्हणायचे बस झालं, उरलेल्या मी आणते. "तू काय सांगणार? चूक तुझी नाहीये."

शेवटचं घर विजूमावशींचं. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार त्यांनीच उघडलं. त्यांना सगळं कळलेलं होतंच. आत या म्हणाल्या नाहीत.

"माझं नाक कापलंस सगळ्यांत. तू जन्मभर काटकुळी, सुमे. तुला काय कळणार."

"नाही कळत," काकू धापा टाकत म्हणाल्या. "हात दे."

"कशाला?"

"दे गं."

काकूंनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघत मोजलं. पूर्ण एक मिनिट. उंबऱ्याच्या आत एक, बाहेर एक. "एकशे अठरा."

"जिना चढून असं होतंच."

"जिना मी चढलेय, विजू. तू घरात होतीस."

मागे त्यांची पंजाबी सून उभी होती. "मम्मीजी," ती म्हणाली, "चलो, डॉक्टर के पास चलो, अभी." विजूमावशींनी हात सोडवून घेतला आणि दार लावलं. दारामागे सुनेचा आवाज चढलेला ऐकू आला, मग आम्ही उतरलो. काकू प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या.

डॉक्टरांनी ते सगळं बंद करायला लावलं, एवढं सुनेकडून कळलं. पावडरीत नक्की काय होतं हे काकूंनी कधीच ठामपणे सांगितलं नाही. "माझ्याकडे प्रयोगशाळा आहे का?" एवढंच. विजूमावशींचा फोन मात्र आला नाही. काकूंच्या वाढदिवसाला नाही, काका पडले तेव्हाही नाही. काकू विचारायच्या नाहीत, पण फोन वाजला की नाव बघायच्या आणि मग उचलायच्या.

त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास मला पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. निघायच्या आधी काकूंबरोबर मंडळाच्या आरतीला गेले होते. गर्दीत पलीकडच्या बाजूला विजूमावशी होत्या. मी ओळखलं, कारण आता त्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या होत्या, गोल, भरलेल्या. टाळ्या वाजवताना त्यांची नजर काकूंवर पडली, आणि त्यांनी सरळ मान फिरवली. प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दाराने गेल्या.

परतताना मेट्रोत मी दांडा धरून उभी होते. काकूंना बसायला जागा मिळाली होती, डोळे मिटलेले, गुडघ्यांवर हात. मला वाटलं झोपल्या.

"बघितलंस?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दोन मोदक खाल्ले तिने. मी मोजले."