पाटणच्या पडद्यावरचं रोम

"लिवलंय झकास, पण तिनं रोम बघितलंय कुठं?"

फळीच्या भिंतीपलीकडून मेजरसाहेबांचा आवाज आला. मी लिहिलेल्या भाषणाची दुसरी टाइप केलेली प्रत हातात घेऊन मी दाराशी उभी होते.

"आन ती बोलंल तर का साहेब?" हेडक्लार्क म्हणाले. "हितं नमस्कार म्हणायला सुदीक लाजती."

दोघंही हसले. मग साहेब म्हणाले, "मालतीबाईंना सांगा. त्या जाऊन आल्यात. पोरीला दिव्यावर बसवा."

अशा रीतीनं मी दिव्यावर बसले.

ऑफिस साताऱ्यात होतं. दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेल्या शिपायांच्या घरच्यांची विचारपूस करणं, हे आमचं काम. मी टायपिस्ट. आमच्या भागातली पुष्कळ मुलं तेव्हा इटलीत होती. रोम दोस्तांच्या हातात आल्यावर काहींना तिथं सुट्टीही मिळाली होती. घरच्यांना 'इटली' हा शब्द पाठ झाला होता, पण डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. म्हणून मेजरसाहेबांनी गावोगाव मॅजिक लँटर्नचा, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्यानं पडद्यावर दाखवायचा कार्यक्रम काढला. रोमच्या जुन्या स्लाइड्स मुंबईहून आल्या. सोबतचं भाषण लिहायला मला सांगितलं, कारण ऑफिसात इंग्रजी पुस्तक भराभर वाचणारी मीच होते.

मी भाषण लिहिलं नाही, वाट लिहिली. रोमवरच्या पुस्तकाच्या मागे घडीचा मोठा नकाशा होता. पाचगणीच्या शाळेत असल्यापासून मला नकाशांचं वेड. संध्याकाळी घरी तो जमिनीवर पसरायचा आणि बोटानं चालायचं. नदीवरच्या पुलापासून निघायचं. मग बोळ, मग घुमटाला मधोमध भोक असलेलं जुनं देऊळ, मग एक सरळसोट रस्ता ओलांडून कारंजं. सुट्टीवरचा शिपाई गाडी थोडीच करणार? तो पायीच फिरला असेल. घरच्यांनी त्याच्या मागून चालावं, एवढाच माझा विचार होता. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या निमित्तानं चालायला मिळत होतं.

मालतीबाई सांगलीच्या एका बॅरिस्टरांच्या पत्नी. लढाईच्या आधी नवऱ्याबरोबर विलायतेला जाताना त्या इटलीत उतरल्या होत्या. हिवाळ्यापुरत्या साताऱ्याला भावाकडे आल्या होत्या. देखण्या, बोलक्या, आणि हातात रोमहून आणलेले तपकिरी कातड्याचे हातमोजे. ते मोजे त्या बोलताना एकेक बोट ओढत काढत. मी खाली बघायचे, पण मला सगळं दिसायचं.

त्यांनी माझे कागद चाळले. "छान लिहितेस गं कुमुद. पण केवढं चालायला लावतेस! लोकांना काहीतरी भव्य दाखवावं."

आणि त्यांनी स्लाइड्सचा क्रम बदलला. मोठं चर्च आधी, मग देऊळ, मग कारंजं. पूल आणि बोळ शेवटी, वेळ उरला तर.

दिव्यावर बसणं म्हणजे काय ते सांगते. लँटर्न म्हणजे पत्र्याची पेटी. आत कार्बाइडचा दिवा. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब पडतं, त्याचा गॅस होतो, तो जळतो. वास फार वाईट. ज्योतीपुढे सरकती चौकट असते, तिच्यात काचेची स्लाइड उलटी घालायची, म्हणजे पडद्यावर चित्र सुलटं पडतं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका असतो. त्यावर उजवा अंगठा आला की काच बरोबर धरली. बोलणाऱ्यानं काठी आपटली की पुढची काच. दिवा पेटता असताना ऑपरेटरनं जागा सोडायची नाही, नाहीतर ज्योत चढते आणि काच तडकते.

काठी आपटली की मी लगेच काच सरकवायची. "मी तिथं उभी होते ना, तेव्हा..." असं मालतीबाई म्हणाल्या की मला त्यांचा हेवा वाटे. पण काच एकदाही उशिरा गेली नाही. मत्सर करणाऱ्यानं काम चोख ठेवावं, म्हणजे कुणाला कळत नाही.

पाटणला शाळेच्या मैदानात पडदा लावला होता. कोयनेकडून गार वारा येत होता. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे खुर्चीवर मेजरसाहेब. चर्च झालं. देवळाचा घुमट आला.

"मधी भोक हाय व्हय? मग पाऊस पडल्यावर काय करत्यात रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"घमेलं ठेवत असतील गड्या!"

मैदान हसलं. मालतीबाईही हसल्या. लोकांना त्या आवडल्या होत्या, आणि तेही मला सोसत नव्हतं.

काठी वाजली. मी कारंजं सरकवलं. मोठी दगडी दर्शनी भिंत, पाण्यातून उसळून येणारे दगडी घोडे.

बायकांतून एक बाई ताडकन उठली. तिची सावली पडद्यावर पडली.

"हीच घोडी! हीच की वं बाई!"

"खाली बसा मावशी," साहेब म्हणाले.

"बसती साहेब. पर हीच ती. माज्या ल्योकाच्या, म्हादूच्या संगतीचा शिपाई सुट्टीवर आलता, त्यानं सांगितलं. म्हादूला एक दीस सुट्टी मिळाली. एकलाच गेला शेर बघाया. बोळातनं वाट चुकला, दीसभर हिंडला, आन एकदम म्होरं पाण्यात दगडाची घोडी. लय खूश झाला म्हणं. समद्यांना तेच सांगत व्हता. मागनं नदीवरच्या लढाईत पडला त्यो."

दिव्याचा फुसफुस आवाज तेवढा ऐकू येत होता.

"मग मला सांगा बाई," ती म्हणाली, "हितं यायची वाट कुठनं? त्यो कुठनं कुठनं आला आसंल?"

मालतीबाईंच्या हातातली काठी हलली, पण आपटली नाही. "तो भाग... आम्ही बग्गीनं गेलो होतो."

"बग्गीनं न्हाई वं. पायी."

"पायी गेल्या आसत्या तर म्हाईत आसतं!" पुरुषांतून कुणीतरी बोललं. या वेळी कुणी हसलं नाही.

"पुढचं चित्र घ्या बाई," साहेब हळूच म्हणाले.

बाई खाली बसेना. "एवढंच सांगा. मग न्हाई इचारत."

मालतीबाई पडद्यापासून निघाल्या आणि अंधारातून सरळ माझ्याकडे आल्या. जवळ येऊन इंग्रजीत कुजबुजल्या, म्हणजे बाकी कुणाला कळायला नको. रोममध्ये त्या एक दुपार होत्या. ऊन फार होतं. बॅरिस्टरसाहेब दर ठिकाणी उतरून पाहून येत, आणि त्या बग्गीत बसून राहत. घोड्यांचं हे कारंजंही त्यांनी बग्गीतूनच पाहिलं होतं, मध्ये माणसांची गर्दी होती.

"तुला येते ना ती वाट?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस मी या बाईवर जळत होते. तिच्या चालण्यावर. आणि ती चाललीच नव्हती. मला वाटलं होतं, असं काही कळलं तर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. कारण मत्सर गेला नाही, फक्त जागा बदलून बसला. आता मला त्या म्हादूचा हेवा वाटला. साताऱ्यात ऑफिसातून राजवाड्यापर्यंत जायचं तर माझ्याबरोबर भाऊ यायचा. हा पोरगा दिवसभर एकटा हिंडला. वाट चुकला तरी त्याला कुठं चाललास म्हणून कुणी विचारलं नाही. मेलेल्या मुलाचा हेवा करते आहे, हे मला कळत होतं. तरी तो होता.

आणि त्याची आई अजून उभीच होती.

मी मालतीबाईंचा हात धरून चौकटीवर ठेवला. "ठिपक्यावर उजवा अंगठा. पाणी वाढवू नका. ज्योत चढली तर पाण्याची चावी मागे घ्या. पूल आधी, मग मी काठी आपटेन तसं." त्यांनी मोजे काढून कमरेला खोचले आणि स्टुलावर बसल्या. कार्बाइडच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं, पण बसल्या.

मी पडद्याकडे निघाले. बायकांच्या रांगेतून जाताना कुणाच्या तरी पायावर माझा पाय पडला. मेजरसाहेब मान वळवून म्हणाले, "अगं, तू कुठं चाललीस? दिवा कोण बघतंय?"

मी तशीच पुढे गेले. काठी जमिनीवर पडली होती, ती उचलली. लँटर्नचा उजेड डोळ्यांत आला, त्यामुळे समोरचं कुणीच दिसेना. ते बरंच झालं. दिव्यावर बसून मी एक गोष्ट शिकले होते. उजेडात उभं राहणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, म्हणून तो बोलू शकतो. तिकडे मालतीबाईंनी काच घातली. ती बरोबर पडली. नदी, आणि नदीवर पूल.

मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले,

"मावशी, मी रोमला कधी गेलेली नाही. पण ही वाट मला येते. चला, पुलापासून निघू या."