आण्णांच्या शर्टाचा खिसा

डिसेंबरचा दुसरा रविवार. सकाळी सव्वासातला केजमधून निघालो... आण्णा, मी आणि दोन सायकली. जायचं होतं नांदूरघाटला, आत्याकडे. पोचलो नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर, निवृत्त शिक्षक, सगळी नोकरी सायकलवर केलेली. दर हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं सायकलवर आत्याकडे जायचो आणि आई डबा घेऊन मागून जीपने यायची.

आई सप्टेंबरमध्ये गेली. दरदरून घाम आला, तिने छातीवर हात ठेवला आणि वीस मिनिटांत संपलं. तेव्हा घरात मी एकटाच होतो.

यंदा जायचं का, असं मीच आण्णांना विचारलं. ते "जाऊ की" म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी कशालातरी हो म्हटलं, म्हणून मला बरं वाटलं.

दहा-बारा किलोमीटर नीट गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, तोड चालू होती. मी पुढे होतो. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळून बघितलं, तर आण्णांची सायकल वेडीवाकडी चाललेली. हाक मारली तर माझ्याकडे बघून काहीतरी रागाने बोलले. आण्णा माझ्यावर कधी रागावत नाहीत... आणि मग ते सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडले.

लागलं फार नव्हतं. पण एवढ्या थंडीत शर्ट घामाने भिजलेला, ओठ पांढरे. आणि हात सारखा छातीवर, डाव्या बाजूला जात होता. मी तो हात धरला की सोडवून घ्यायचे आणि पुन्हा तिथेच न्यायचे.

हे मी आधी बघितलेलं होतं. पुढे काय होतं तेही मला माहीत होतं.

ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. लागला तेव्हा आपण कुठे आहोत ते सांगता येईना... इकडे ऊस, तिकडे ऊस. कसंबसं सांगितलं. येतो म्हणाले, पण अर्धा तास लागेल. माझ्याकडे वीसच मिनिटं आहेत, एवढंच डोक्यात चाललं होतं.

तेवढ्यात फडातून एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन बाहेर आली. तिने मोळी तिथेच टाकली आणि चारीत उतरली. आण्णांच्या कपाळाला हात लावला.

"दादा, शुगर हाय का ह्यांला?"

"आहे. पण त्यांचं हार्ट..."

"गोळी घेतली?"

"सकाळीच घेतली."

"आन् खाल्लं काय?"

खाल्लं नव्हतं. आत्याकडे जेवू म्हणून नुसता बिनसाखरेचा चहा घेऊन निघालो होतो. पूर्वी निघायच्या आधी आई पोहे करायची. मी काही खाणार का असं विचारलंसुद्धा नव्हतं.

"काय गोड हाय का जवळ?"

"नाही. गोड बंद आहे त्यांचं."

"उसात हुबं ऱ्हाऊन गोड न्हाई म्हनतोस व्हय रं!"

एवढं बोलून तिने कोयत्याने ऊस सोलला, तुकडे केले आणि आपल्या पदरात बांधून दगडावर ठेचले. मग तो पदर पिळून थेंब थेंब रस आण्णांच्या तोंडात सोडायला लागली. प्रत्येक वेळी गळ्याकडे बघायची... गिळलं की मगच पुढचा थेंब. "गिळा मास्तर, गिळा." मास्तर तिला कोणी सांगितलं नव्हतं. चष्मा आणि खिशातलं पेन बघून म्हणाली असेल.

ती दहा-पंधरा मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येणार नाही. मी आण्णांचा श्वास मोजत होतो. मधेच आकडा चुकायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचो.

मग आण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खिशात बघ."

मी खिशात हात घातला. पेन होतं, बाकी काही नव्हतं.

बाईने तिच्या डब्यातली बाजरीची भाकर पुढे केली. "आता ही खावा. नुसत्या रसानं भागत न्हाई." ती शिरूर कासारकडची. सासूला शुगर आहे, गावाकडे एकटीच असते. "निघताना तिच्या पदराला साखरेची पुडी बांधूनच आले," म्हणाली. "सांगून ध्यानात ऱ्हात न्हाई म्हातारीच्या." मग पुन्हा मोळी उचलून उसाच्या गाडीकडे गेली. तिचा पदर तसाच चिकट, ओला होता.

ॲम्ब्युलन्स आली, केजला दवाखान्यात गेलो. हार्ट ठीक होतं, साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलून दिला आणि उपाशीपोटी फिरायचं नाही म्हणून दोघांनाही सुनावलं.

संध्याकाळी मी आण्णांना विचारलं, खिशात काय होतं?

"गुळाचा खडा. कागदात बांधून."

"मग आज का नाही घेतला?"

"मी कुठं घ्यायचो... असायचाच की तो."

तेव्हा मला आठवलं. आण्णांच्या धुवायच्या शर्टाला कायम मुंग्या लागलेल्या असायच्या. मी आईवर चिडायचो. शुगर असलेल्या माणसाच्या कपड्यात गोड कशाला, म्हणायचो. ती मुंग्या झटकायची आणि शर्ट भिजवायची.

त्या फडावरच्या ताईपर्यंत ही पोस्ट पोचणार नाही, माहीत आहे. तरी लिहिली. ज्यांच्या घरात शुगरचं माणूस आहे त्यांनी वाचावी.

आज सकाळी आण्णा झोपलेले असताना स्वयंपाकघरात गेलो. आईचा गुळाचा डबा शोधायला वेळ लागला. बत्त्याने एक खडा फोडला, कॅलेंडरच्या जुन्या पानात बांधला आणि दोरीवरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. ओट्यावर सांडलेला चुरा पुसून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं.