साडेसात नंबर

शेवंतीबाई घाडींनी एकतीस वर्षांत कुणालाही साडेसात नंबर दिला नाही. दीड दिला, अडीच दिला, साडेबारा तर रोजचाच. पण सातनंतर आठ आणि मग साडेआठ. आजारी माणसाच्या हातात साडेसाती कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे नंबर लालबागच्या डॉ. मनमोहन धैर्यवानांच्या दवाखान्यातले. डॉक्टर राहायला गिरगावात, पेशंट सगळे आमच्यासारखे, गिरणी कामगारांच्या घरांतले. बाहेरच्या खोलीत एक टेबल आणि टेबलामागे शेवंतीबाई. पूर्ण नंबराला पितळेचा गोल बिल्ला मिळायचा. अर्ध्या नंबराला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लाल शाईने आकडा लिहिलेला असायचा. ज्याचं काम दोन मिनिटांचं, म्हणजे इंजेक्शन, ड्रेसिंग, नुसता रिपोर्ट दाखवणं, त्याला अर्धा नंबर. तो दोन पूर्ण नंबरांच्या मधे आत जायचा आणि कुणाची तक्रार नसायची, कारण उद्या आपल्यालाही तो लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मेघना, त्यांची शेजारीण. परळच्या चाळीत त्यांची खोली अकरा, आमची बारा. मी त्यांची बाजू घेऊनच हे लिहिते आहे. निःपक्षपाती माणूस हवा असेल तर दुसरीकडे बघा.

मागच्या वर्षी डॉक्टर गेले. त्यांच्या खुर्चीत सून बसली, डॉ. मधुरा. बाई हुशार आणि हाताला गुण असलेली. तिचा नवरा सिद्धांत, म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, लोअर परळच्या एका टॉवरमध्ये अ‍ॅप बनवणारी कंपनी चालवतो. माझी नोकरीही तिथलीच. लोक अ‍ॅप कसं वापरतात, कुठे अडतात, कुठे वैतागतात हे बघून लिहून काढायचं, हे माझं काम. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘वापरणाऱ्याचं ऐका’. त्या भिंतीकडे बघून मी रोज डबा खाते.

सिद्धांतने दवाखान्यासाठी नंबर लावायचं अ‍ॅप केलं. घरबसल्या नंबर लावा, वेळ वाचवा. एका सकाळी तो शेवंतीबाईंच्या टेबलावर टॅब उभा करायला आला. शेवंतीबाई म्हणाल्या, “सिद्धांत, यात अर्ध्या नंबराचं काय केलंस?”

“मावशी, यात सगळं आहे,” तो वर न बघता म्हणाला.

“सगळं म्हणजे काय? दीड आहे का? अडीच आहे का?”

तो टॅब तसाच सोडून आत गेला आणि बायकोला म्हणाला, “दीडशहाणी आहे ती. उद्यापासून नको आपल्याला.” दार अर्धवट उघडं होतं. शेवंतीबाईंनी ऐकलं, आणि बाहेर बसलेल्या नऊ पेशंटांनीही ऐकलं.

त्यांनी पितळेचे बिल्ले मोजून खणात ठेवले. पुठ्ठ्याचे अर्धे नंबर मात्र आपल्या डब्यात भरले आणि घरी आल्या. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“गो मेघना,” त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या, “तू तेका अर्धो नंबर समजावन सांगलंस, तर माझ्या दारात पाय ठेव नको. तो येतलो. माझ्याकडे नंबर मागतलो. तवसर माका चैन पडाची नाय.”

मी गप्प बसले. पगार घेऊन गप्प बसले, हेही कबूल करते. मला सांगता आलं असतं, एका ओळीत सांगता आलं असतं. पण ‘दीडशहाणी’ हा शब्द मलाही लागला होता.

संधीचा पहिला चेंडू सिद्धांतनेच टाकला. अ‍ॅप लोकांच्या फोनवर सुरू करण्याआधी चार साधी माणसं बोलवून दाखवायचं होतं. तो मला म्हणाला, “तुमच्या चाळीतले कोणी आण ना.” मी शेवंतीबाईंना नेलं. त्यांना बघून तो जराही ओशाळला नाही. “या या मावशी,” म्हणत खुर्ची दिली. जाहीर अपमान केल्याचं त्याच्या लक्षातही नव्हतं, आणि शेवंतीबाईंना तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून त्या त्याला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला लागल्या.

अ‍ॅपमधले निरोप कुणीतरी बाहेरून इंग्रजीचे मराठीत करून घेतले होते. नंबर हुकला की फोनवर निरोप येणार होता, ‘तुमची पाळी चुकली आहे. कृपया त्वरित संपर्क साधा.’

शेवंतीबाईंनी तो दोनदा वाचला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

“भाषा कशी वाटते?” सिद्धांतने विचारलं.

“शुद्ध आहे साहेब.”

मी अहवालात लिहिलं, भाषा शुद्ध.

पुढच्या आठवड्यात हा निरोप घरोघर गेला. आमच्या मजल्यावरचे दौलतमामा, वय वर्षं एकाहत्तर, फोन हातात घेऊन सगळ्या गॅलरीला दाखवत फिरले. समोरच्या खोलीतल्या ऋग्वेदा नावाच्या पोरीच्या फोनवर मात्र तो तिच्या आईने आधी वाचला. पोरगी कॉलेजातून येईपर्यंत त्या घरात जे काही झालं, ते मी लिहीत नाही. दवाखान्याचा फोन तीन दिवस खणखणत होता. सिद्धांतने शब्द बदलले, पण लालबागमध्ये लोक त्या अ‍ॅपला जे नाव पडायचं ते पाडून मोकळे झाले होते. शेवंतीबाई महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या, पदर तोंडाला लावून.

पुढचं काम अ‍ॅपने स्वतःच केलं. नंबर भराभर लागत होते, फोनवर हिरवी टिक येत होती, आणि दवाखान्यात माणसं चिडून बसलेली. इंजेक्शनवाला चौदावा, त्याच्या आधी तेरा जण पूर्ण तपासणीचे. अ‍ॅपला एकामागून एक पाचपैकी एकच तारा मिळायला लागला. सिद्धांत मीटिंगमध्ये विचारायचा, “बटण मोठं करूया का? रंग बदलूया का?” मी मान डोलवायची. रंग तीनदा बदलला. माझ्या वहीत मात्र मी खरं ते लिहून ठेवलं होतं. माणसाला थांबायचा एवढा राग येत नाही, आपलं काम केवढं आहे हे कुणी विचारलंच नाही याचा येतो. ती वही मी ऑफिसात कधी उघडली नाही.

मग गंगुबाईंचं झालं.

गंगुबाई आमच्या खालच्या मजल्यावरच्या. साखरेमुळे पायाला जखम, रोजचं ड्रेसिंग. शेवंतीबाई होत्या तोवर त्यांचा अडीच नंबर ठरलेला होता. अ‍ॅपने त्यांना एकोणिसावा दिला. अडीच तास पाय खाली सोडून बसल्या. घरी आल्या तेव्हा पाय सुजून पट्टीतून रक्त येत होतं. शेवंतीबाईंच्या दाराशी टेकून म्हणाल्या, “तू असतीस तर असं झालं नसतं गं.”

शेवंतीबाईंनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. मग मला म्हणाल्या, “ह्या माझ्या डोक्यावर आसा. माझ्या रागापायी ही बसली.”

“मग सांगून टाकू का मी?”

“नाय,” त्या म्हणाल्या. “ह्याचोव हिशेब तेच्याकडेच मागतलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गंगुबाईंना टॅक्सीत घातलं, दवाखान्यात नेलं, टॅबकडे ढुंकूनही न बघता आतलं दार उघडलं आणि डॉ. मधुराला सांगितलं, “अडीच नंबर.”

मधुराने काही विचारलं नाही. ड्रेसिंग करून झाल्यावर जखमेकडे बघत म्हणाली, “काल यांना कुणी बसवून ठेवलं होतं?”

“तुमच्या टॅबने,” शेवंतीबाई म्हणाल्या आणि गंगुबाईंना घेऊन परत आल्या.

त्या रविवारी दुपारी सिद्धांत आमचे तीन जिने चढून आला. घरी बायको काय बोलली असेल, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवंतीबाई दाराशी बांगडे साफ करत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

“मावशी, ते अर्ध्या नंबराचं जरा...”

“नाव शेवंती. तुमचे वडील शेवंतीबाई म्हणायचे.”

तो चपापला. मग त्याने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. दोन मिनिटांचं काम, त्याला अर्धा नंबर. तो फोनवर टिपत गेला. “एवढंच?” म्हणाला. त्या पुढच्या बांगड्याचे कल्ले काढायला लागल्या. तो खूश होऊन गेला.

मी रागावले. “सगळं सांगून टाकलंत?”

“इचारल्यान तेवढा सांगलंय,” त्या म्हणाल्या.

चार दिवसांत अ‍ॅपमध्ये नवं बटण आलं, ‘माझं दोन मिनिटांचं काम आहे’. पहिल्याच सकाळी चाळीसांपैकी चौतीस जणांनी ते दाबलं. दौलतमामांनी सर्वांत आधी दाबलं, जे डॉक्टरांना खोकल्याचा इतिहास सांगायला अर्धा तास घेतात. अर्ध्या नंबरांची एवढी गर्दी झाली की लोक सव्वा आणि पावणेदोन मागायला लागले. दोघांची मजल एकमेकांची गचांडी धरण्यापर्यंत गेली. मधुराने दवाखाना मधेच बंद केला.

बटण कुणीही दाबतो. खरं कोण बोलतंय हे शेवंतीबाईंना माणूस उंबऱ्यात असतानाच कळायचं. कोण ड्युटी सोडून आलाय, कोणत्या सुनेला घरी न सांगता डॉक्टरांशी बोलायचंय, कुणाचं ‘दोन मिनिटं’ म्हणजे पाऊण तास, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते सिद्धांतने विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा दारातूनच म्हणाला, “शेवंतीबाई, तुम्ही परत या.”

“दीडशहाणी कोण म्हणालं होतं?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीतून खाली बघत उभी राहिले.

“मी,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

“इथे नको. त्या दिवशी नऊ पेशंट होते.” आणि त्यांनी नऊच्या नऊ नावं सांगितली, त्या दिवशीच्या नंबरांसकट. “त्यांच्यासमोर सांगा. मग मी काय ते बघेन. आणि तुमच्या त्या टेबलावर आता बसणार नाही. मी माझ्या घरात बसेन. अर्धा नंबर ज्याला हवा, त्याचा अर्ज माझ्या फोनवर येईल.”

सोमवारी सकाळी नऊही जण आले. एक तर खास वडाळ्याहून आला. सिद्धांत त्यांच्यासमोर उभा राहिला आणि जे बोलायचं ते बोलला, घोगऱ्या आवाजात. शेवंतीबाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. मला वाटलं, झालं, आता निवल्या. येताना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “नंबर खय मागल्यान अजून?”

तेव्हापासून अकरा नंबरच्या खोलीतून सगळं चालतं. अर्ज केला की पेशंटच्या फोनवर येतं, ‘तपासत आहोत’. तेव्हा शेवंतीबाई चष्मा कपाळावरून खाली ओढत असतात, नाहीतर भाजी निवडता निवडता हात पुसत असतात. नाव वाचतात, एखाद्याला फोन लावून दोन प्रश्न विचारतात, आणि स्वतःच आकडा टाकून नंबर देतात किंवा देत नाहीत. दौलतमामांना एकदाही मिळालेला नाही. गंगुबाईंना अर्ज करावा लागत नाही, रोज सकाळी अडीच येतो. जखम भरत आली आहे. अ‍ॅपला पाच-पाच तारे पडायला लागले. एकाने लिहिलं, ‘या अ‍ॅपला माणूस कळतो’. सिद्धांतने ते वाक्य मोठं करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. कुणी विचारलं की सांगतो, आमची सिस्टिम आहे.

आणि मग तो दिवस आला. बाहेरगावचे पाच जण, अ‍ॅप विकत घ्यायचं की नाही हे ठरवायला, आमच्या काचेच्या खोलीत बसले होते. सिद्धांत सुटात. मी कोपऱ्यात वही घेऊन. त्याने स्वतःचा फोन मोठ्या पडद्याला जोडला. “मीच अर्ज करून दाखवतो,” तो म्हणाला. “मिनिटाच्या आत उत्तर येतं.” त्याने नाव टाकलं, सिद्धांत मनमोहन धैर्यवान, आणि दोन मिनिटांच्या कामाचं बटण दाबलं. असं काही होणार हे मी सकाळी शेजारी सांगून ठेवलं होतं का, ते विचारू नका.

पडद्यावर आलं, ‘तपासत आहोत’.

मिनिट झालं. दोन झाली. कुणीतरी पाणी प्यालं. सिद्धांत हसत होता, पण बोटांनी टेबल वाजवत होता. पाच मिनिटं झाली. त्याने परत बटण दाबलं. सातव्या मिनिटाला फोन वाजला आणि पडद्यावर हातभर मोठ्या अक्षरांत आकडा उमटला.

तुमचा नंबर : साडेसात.

चौघांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचवी एक मराठी बाई होती, साठीची. तिने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “साडेसात?” ती म्हणाली. “कुणाला दुखावलंयत का हो?”

सिद्धांतला ते माहीत होतं. लहानपणी तो त्याच टेबलाखाली बसून पुठ्ठ्याच्या नंबरांशी खेळायचा, आणि सातनंतरचा अर्धा का नाही म्हणून त्यानेच एकदा विचारलं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्याने फोनची वायर काढली आणि कागद गोळा करायला लागला.

संध्याकाळी मी अकरा नंबरमध्ये गेले. शेवंतीबाईंनी पुठ्ठ्यांचा डबा काढला होता आणि सगळे अर्धे नंबर ओळीने मांडले होते. साडेसहा आणि साडेआठ यांच्यामध्ये एक नवा पुठ्ठा होता. त्यावरची लाल शाई अजून ओली होती.

“एकतीस वर्सा राखून ठेवललंय,” त्या म्हणाल्या आणि त्यावर हलकेच फुंकर मारली.